दाराबाहेरचा पाळणा

फ्लॉरेन्समधल्या सांतिस्सिमा अन्नुन्झियाता चौकात एका बाजूला नऊ कमानींची लांबलचक ओसरी आहे. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये तिचे काम हाती घेतले. पैसा होता तिथल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाचा. कमानींच्या वरच्या अंगाला निळ्या गोलांत पांढरीशुभ्र मातीची तान्ही बाळे बसवलेली आहेत, आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ च्या सुमारास घडवलेली. कमरेखाली कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, हात मोकळे. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. ओसरीच्या डाव्या टोकाला भिंतीत एक छोटी खिडकी आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

या इमारतीचे नाव ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पापांचे आश्रयस्थान. ५ फेब्रुवारी १४४५ या दिवशी इथे पहिले बाळ आले, मुलगी होती. तो दिवस संत अगाथाचा, म्हणून तिचे नाव ठेवले अगाता स्मेराल्दा. आधी बाळ ठेवायला दगडी कुंडी होती. पुढे त्या जागी लोखंडी जाळीची खिडकी आली. गजांमधले अंतर असे की तान्हे मूल तेवढे आत सरकावे, मोठे सरकू नये. आई रात्रीची यायची, बाळ आत ठेवायची, घंटा वाजवायची आणि निघून जायची. ती कोण, हे आतले विचारत नसत आणि ती सांगत नसे.

जाताना कित्येक जणी दुपट्यात काहीतरी खोचून ठेवत. अर्धे मोडलेले नाणे, देवाच्या पदकाचा अर्धा तुकडा, मण्यांची माळ. दुसरा अर्धा तुकडा आईपाशी. दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून आपले मूल ओळखता यावे, एवढ्यासाठी. आज ते तुकडे तिथल्या संग्रहालयात लहान लहान खणांत जपून ठेवले आहेत. खण उघडला की एकच अर्धा तुकडा दिसतो.

जगभर धर्माच्या नावाने तान्ह्या बाळांसाठी जे काम झाले, त्याचा बराचसा इतिहास या खिडकीतून दिसतो. काम खरे होते, माया खरी होती. पण मायेला एक अट होती: बाळ द्या आणि आईने दिसायचे नाही. ही अट कुणी मोडली, कुणी पाळली आणि कुणी तिच्यापेक्षाही वाईट काही केले, हे मला जरा जवळून पाहायचे आहे.

इटलीत जागोजागी खिडकीऐवजी चाक असे. भिंतीत बसवलेले उभे लाकडी पिंप, एका बाजूने उघडे, मधल्या दांड्यावर फिरणारे. बाहेरून बाळ ठेवायचे, पिंप फिरवायचे, बाळ आत. ही युक्ती जोगिणींच्या मठांतली. जगाशी तोंडओळखही नको म्हणून त्या भाजीपाला, कागदपत्रे अशाच फिरत्या कपाटातून घेत. नेपल्सच्या अन्नुन्झियाता संस्थेत चाकातून आलेल्या मुलांना मॅडोनाची लेकरे म्हणत आणि आडनाव देत ‘एस्पोझितो’, म्हणजे उघड्यावर ठेवलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे आडनाव देण्यावर बंदी आली. तोवर ते इतके पसरले होते की आजही नेपल्समध्ये ते आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांसारखे गल्लोगल्ली भेटते. आमच्या घरी धाकट्या भावंडाला रडवायचे तर ‘तुला बोहारणीकडून घेतलंय, दोन जुन्या साड्यांवर’ एवढे पुरायचे. नेपल्समध्ये ही चेष्टा कायमची आडनावात उतरली.

आत गेलेल्या बाळांचे पुढे काय होई? बरीचशी मरत. मूळ अडचण दुधाची. वरचे दूध पाजायची सुरक्षित रीत ठाऊक नव्हती, म्हणून खेड्यापाड्यांतल्या दूधदायांकडे बाळे पाठवत. दाया कमी आणि बाळे जास्त. लंडनचे फाउंडलिंग हॉस्पिटल कुण्या मठाने काढलेले नव्हते, पण तिथले आकडे नीट नोंदलेले आहेत. १७५६ ते १७६० या काळात संसदेच्या पैशावर येईल ते मूल घ्यायचे ठरले. जवळपास १५,००० मुले आली. त्यांपैकी सुमारे ४,४०० जण कामधंदा शिकायच्या वयापर्यंत जगले. दार सताड उघडे ठेवले, पण आत पाजणारी नव्हती. जिला पान्हा फुटलेला होता, तिला तर दारावरूनच परत पाठवलेले!

दायांचीही एक गोष्ट आहे. बोलोन्याजवळच्या डोंगराळ खेड्यातल्या अमालिया बान्याकावाल्ली नावाच्या शेतकरी बाईने १८९० मध्ये चार पैसे मिळतील म्हणून अनाथगृहातले बाळ अंगावर पाजायला घेतले. बाळाला जन्मतःच उपदंश होता. तो तिला लागला आणि तिचा संसार उद्ध्वस्त झाला. एका वकिलाच्या मदतीने तिने संस्थेवर दावा लावला. दावा अनेक वर्षे चालला, ती जिंकली, आणि पैसा मुख्यतः वकिलाच्या खिशात गेला. बाळाची आई कोण, तिला काय दुखणे, हे न विचारण्याची किंमत अशी भलत्याच बाईने मोजली.

फ्लॉरेन्सची खिडकी ३० जून १८७५ रोजी बंद झाली. यापुढे मूल सोडायचे तर कचेरीत येऊन, नोंद करून. त्याच वर्षी आपल्या पंढरपुरात एक दार उघडले. निव्वळ योगायोग, पण मला तो पुन्हा पुन्हा आठवतो.

पंढरपूरकडे वळण्याआधी त्या काळच्या विधवेची स्थिती आठवावी लागेल. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, केशवपन, लाल आलवण. त्याच घरातल्या दीराने-सासऱ्याने, शेजाऱ्याने हात धरला आणि दिवस गेले, तर पाप एकटीचे. मग गाव सोडायचे, नाहीतर विहीर. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. पण दरम्यान वृत्तपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर जे तोंडसुख घेतले गेले, त्याने चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. खटला एका बाईवर चालला आणि ताराबाईंनी पिंजऱ्यात उभे केले समस्त पुरुषांना.

जोतीराव फुले त्याआधीच कामाला लागले होते. त्यांच्या गोवंडे नावाच्या मित्राच्या घरी काशीबाई ही ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला फसवले गेले, मूल झाले, तिने ते मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ही हकीकत फुल्यांनी स्वतः १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात सांगितली आहे. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर जाहिराती लावल्या. त्यांचा मथितार्थ असा की विधवांनी इथे गुपचूप येऊन निर्धास्त बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यायचे की ठेवायचे, ते स्वतः ठरवावे.

हे शेवटचे वाक्य फ्लॉरेन्समध्ये सापडत नाही, नेपल्समध्येही नाही. तिथे पाळणा फक्त बाळासाठी होता. इथे बाईला दार उघडून आत घेतले, खाट दिली, सुईण दिली आणि वर विचारले, तुझे काय म्हणणे आहे? १८८४ च्या त्या निवेदनाप्रमाणे तोवर पस्तीस जणी तिथे येऊन गेल्या होत्या. बाळंतिणींचे करणाऱ्या सावित्रीबाई. १८७४ मध्ये या दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे डॉक्टर झाला. फुल्यांना धर्मादायवाल्यांच्या यादीत बसवले तर त्यांनीच आधी हरकत घेतली असती, आणि रास्त घेतली असती. पण त्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टीचा निर्माता, हीही एक श्रद्धाच होती. तिने मध्यस्थ भटजी काढून टाकला होता, एवढाच फरक.

पंढरपूरचे दार उघडले लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती न्यायाधीशाने. पंढरीत नोकरीला असताना काय काय कानावर येत असेल, याचा अंदाज बांधता येतो. यात्रेचे गाव, लाखोंची ये-जा, कुणी कुणाला ओळखत नाही. देवाला जाऊन येते म्हटले की चार महिने कुणी विचारत नाही. त्यांच्या या संस्थेत विधवांच्या बाळंतपणाची आणि टाकलेल्या मुलांची सोय झाली. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि अनाथ मुलांची भर पडली. पुढे कारभार पाहिला मुंबईच्या प्रार्थना समाजाने. आज ती संस्था वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखली जाते. गंमत पाहा, प्रार्थना समाज मूर्तिपूजा न मानणारा, आणि त्याने बिऱ्हाड थाटले ते थेट विठोबाच्या अंगणात. तुकोबांचे अभंग दोघांकडेही होते, तेवढ्यावर भागले असावे.

आता उलटे उदाहरण. आयर्लंडमधल्या ट्यूम गावात १९२५ ते १९६१ या काळात बॉं सकूर नावाच्या जोगिणींनी माता-बालगृह चालवले. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘चांगली मदत’. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली तिथे येत, बाळंत होत, वर्षभर बिनपगारी राबत आणि मूल मागे ठेवून जात. इथे आईला लपवले नव्हते. तिच्यावर सतत नजर होती, पण ती नजर न्यायाधीशाची. गावातल्या कॅथरिन कॉरलेस या हौशी इतिहास-अभ्यासक बाईंनी दफ्तरे धुंडाळली आणि तिथे मेलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी काढल्या. दफनाच्या नोंदी मात्र कुठेच मिळेनात. २०१७ मध्ये सरकारी चौकशी आयोगाने जुन्या सांडपाण्याच्या बांधकामात बालकांचे अवशेष असल्याचे सांगितले. अशा अठरा संस्थांवरचा आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला: सुमारे ५६,००० आया, ५७,००० मुले, ९,००० मृत्यू. पंतप्रधानांनी माफी मागितली, जोगिणींनीही मागितली. ट्यूमचे उत्खनन २०२५ मध्ये सुरू झाले.

कॉरलेसबाईंनी आपलीच एक आठवण सांगितली आहे. शाळेत त्या बालगृहातली, म्हणजे ‘होम’मधली मुले वेगळी बसत. लहानपणी त्यांनी गोळीचा रिकामा कागद गोळी असल्यासारखा वळून त्यांतल्या एका मुलीला दिला. मुलीने आशेने उघडला. आत काही नव्हते. दफ्तरे चाळण्यामागे तो कागदही होताच, असे त्या मोकळेपणी सांगतात.

आता पुन्हा दाराबाहेरच्या पाळण्याकडे. कराचीच्या मीठादर भागात १९५१ मध्ये अब्दुल सत्तार एधी यांनी छोटा दवाखाना काढला. जन्म जुनागढजवळच्या बांटव्याचा, १९२८ चा, फाळणीनंतर तिकडे गेलेले मेमण. पुढे तिथे बाळंतपणाची सोय झाली, परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. शिकायला आलेल्या बिल्किसबानो यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि बाळांचे खाते बाईंनी सांभाळले. एधी केंद्रांच्या दारात साधा पाळणा असतो, त्यांच्या बोलीत झूला. आत गादी, वर पाटी: मारू नका, इथे ठेवा. मौलवींनी आरडाओरडा केला की हे तर पापाला उत्तेजन. एधी स्वतः नमाज पढणारे, दोन जोड कपड्यांत दिवस काढणारे. त्यांनी पाळणा हलवला नाही. अडचण कागदपत्रांचीही होती. इस्लामी परंपरेत दत्तक घेऊन मुलाचे कूळ बदलत नाही, पालकत्व तेवढे घेता येते. मग बापाच्या रकान्यात काय लिहायचे? सुमारे २०,००० मुलांच्या कागदांवर पालक म्हणून एधींचे नाव लागले. १९८६ मध्ये नवरा-बायकोला मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एधी २०१६ मध्ये गेले, बिल्किसबाई २०२२ मध्ये.

पण मीठादरचा पाळणाही शेवटी फ्लॉरेन्सच्याच घरातला. आई तिथेही अंधारातच येते. जिथे लग्नाबाहेरच्या संबंधासाठी तुरुंग किंवा भावाचा सुरा आहे, तिथे तिला उजेडात बोलावणे म्हणजे तिचा जीव घेणे, हे एधींना पुरते कळत होते. न विचारणे हीच तिथली दया.

जपानातल्या कुमामोतो शहरातल्या जिकेई या कॅथलिक रुग्णालयाने मे २००७ मध्ये ‘करकोच्याचा पाळणा’ सुरू केला. कल्पना डॉ. हासुदा यांनी जर्मनीत पाहिली होती. भिंतीत दार, आत उबदार पेटी, आईसाठी पत्र. पंतप्रधान आबे यांनी जाहीर नापसंती दाखवली. पहिल्याच दिवशी पेटीत निघाला तीन वर्षांचा मुलगा! आपले नाव सांगू शकणारा! तान्ह्यांसाठी केलेल्या यंत्रणेची अशी परीक्षा कुणी योजली नव्हती.

अशा पेट्यांना मोठा आक्षेप मुलाच्या बाजूने येतो. १९८९ च्या बालहक्क करारात शक्य तिथवर आपले आईबाप जाणून घेण्याचा हक्क आहे, आणि पेटी तो पहिल्याच क्षणी पुसते. आक्षेप खोटा नाही. मोठे होऊन ‘मी कोण’ विचारणाऱ्याला ‘जिवंत आहेस ना’ हे उत्तर फार दिवस पुरत नाही. कुमामोतोच्या रुग्णालयाने पुढे गुप्त बाळंतपण सुरू केले. आईने ओळख एका विश्वासू कर्मचाऱ्याला सांगायची, ती बंद ठेवायची, मूल मोठे झाले की त्याला पाहता येईल. अर्ध्या नाण्याचीच ही युक्ती, फक्त दुसरा तुकडा आता कपाटात कुलूपबंद.

सोलमध्ये एका चढणीच्या गल्लीत ली जोंग-राक या पाद्र्यांचे छोटे चर्च आहे. त्यांनी डिसेंबर २००९ मध्ये भिंतीत उबदार पेटी बसवली. दोन हजारांहून अधिक बाळे त्यातून आली. २०१२ च्या दत्तक कायद्याने जन्मनोंद सक्तीची केली, तशी नोंद टाळू पाहणाऱ्या मुलींची गर्दी वाढली. जुलै २०२४ मध्ये सरकारने गुप्त बाळंतपणाचा कायदा लागू केला.

पेटीचे दार उघडले की आत घंटा वाजते. फ्लॉरेन्समध्येही वाजत होती. सोलमध्ये मात्र घंटा झाली की एक जण बाळाकडे जातो आणि दुसरा चपला सरकवून गल्लीत उतरतो, कारण ओली बाळंतीण चढ-उतारावर फार लांब गेलेली नसते. तिला हाक मारायची, आत बसवायचे, गरम काही प्यायला द्यायचे, आणि ठेवायचेच असेल तर ठेव पण आधी जरा बोलूया, म्हणायचे. काही जणी बोलून तशाच निघून जातात. काही जणी बाळ परत घेतात, आणि मग चर्चची माणसे दुधाचे डबे, लंगोट आणि थोडे पैसे बांधून देतात.