आपणच डुकरांना दिलेला जंतू

तुमच्या नाकात कोण राहतं, माहीत आहे? दर तीन-चार माणसांमागे एकाच्या नाकात ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ नावाचा गोलमटोल जिवाणू मुक्काम ठोकून असतो. एरवी तो काही करत नाही. पण जखम झाली किंवा शस्त्रक्रिया झाली, की तो आत शिरू शकतो. मग पू होतो, ताप चढतो, कधी जिवावरही बेततं. त्याला मारणारी औषधं आहेत. मात्र त्याच्यातले काही असे निघाले, की पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळजवळ सगळी औषधं त्यांच्यापुढे हरली. त्यांना म्हणतात ‘एमआरएसए’.

नेदरलँड्समधली रुग्णालयं या एमआरएसएच्या बाबतीत फार कडक. शोधायचा आणि संपवायचा, हाच तिथला नियम! त्यामुळे तो तिथे अगदी क्वचित सापडायचा. 2004 साली सहा महिन्यांच्या एका मुलीची शस्त्रक्रिया होणार होती. त्याआधी तपासणी झाली, तर तिच्या अंगावर एमआरएसए! इतक्या लहान बाळाकडे तो आला कुठून? पुन्हा पुन्हा उपचार केले, तरी जाईना. तिचे आईवडील डुकरं पाळायचे.

नाइमेखन शहरातले डॉ. आंद्रेआस व्हॉस आणि त्यांचे सहकारी या कोड्यामागे लागले. त्या काळी जंतूची ओळख पटवायची एक रीत होती. एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालून जंतूच्या डीएनएचे तुकडे करायचे आणि त्यांच्या पट्ट्यांची नक्षी पाहायची. या जंतूचा डीएनए मात्र तुटेचना! त्याने आपल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे विकराचं काही चालत नव्हतं. अशी ही वेगळी जात! मग त्या भागातल्या 26 डुक्करपालकांची तपासणी केली. त्यांतल्या 6 जणांकडे एमआरएसए निघाला. डच रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांच्या मानाने हे प्रमाण साडेसातशे पटींहून जास्त होतं. पुढे नऊ कत्तलखान्यांत 540 डुकरं तपासली, तेव्हा शंभरातल्या 39 डुकरांच्या नाकात हा जंतू होता. आणि डुकरं? बहुतेक ठणठणीत! नाकात जंतू घेऊन खुशाल खात होती.

आता औषध हरतं कसं, ते पाहू. जिवाणूभोवती एक भिंत असते आणि ती सतत बांधावी लागते. बांधणारं प्रथिन म्हणजे जणू गवंडीच. पेनिसिलिन येतं आणि या गवंड्याचे हात घट्ट धरून ठेवतं. काम थांबतं, भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. पण एमआरएसएकडे ‘मेक-ए’ नावाचं एक जास्तीचं जनुक असतं. ते दुसरा गवंडी तयार करतं, आणि त्याचे हात पेनिसिलिनला धरताच येत नाहीत. भिंत उभी ती उभीच!

हे जनुक एखाद्या जिवाणूला शेजारच्या जिवाणूकडून मिळू शकतं. एरवी त्याचा फारसा फायदा नसतो. पण एकाच शेडमध्ये शेकडो डुकरं असतात. एक आजारी पडलं, की साऱ्या कळपाला खाद्यातून किंवा पाण्यातून औषध दिलं जायचं. साधे जिवाणू मरायचे आणि जनुकवाले उरायचे. जागा मोकळी, खाणं भरपूर! अर्ध्या-पाऊण तासात एकाचे दोन, दोनाचे चार. आजारी जनावराला औषध द्यायलाच हवं, त्याचे हाल का करायचे? पण धडधाकट कळपालाही रोज औषध पाजणं मला अजिबात पटत नाही.

आता खरी नवलाची गोष्ट. 2012 साली लान्स प्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 19 देशांतून गोळा केलेल्या 89 नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिले. त्यावरून दिसलं, की या जंतूचे पूर्वज डुकरांचे नव्हतेच. ते माणसांचे होते, आणि साध्या औषधांनी मरणारे! म्हणजे आपण तो जंतू डुकरांना दिला. तिथे त्याने दोन औषधांना दाद न देण्याची जनुकं मिळवली: एक टेट्रासायक्लिनचं आणि दुसरं तेच मेक-ए. मग तो शेतकऱ्यांच्या नाकांतून पुन्हा आपल्याकडे आला. येताना माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी काही जनुकं मात्र तो गमावून बसला होता. म्हणून एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो तितक्या सहज पसरत नाही. केवढं नशीब आपलं!

जनावरं लवकर वाढावीत म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं युरोपीय संघाने 2006 पासून बंद केलं. नेदरलँड्सने तर पुढच्या काही वर्षांत जनावरांसाठी होणारी अँटिबायोटिकची विक्री 2009च्या मानाने सुमारे 70 टक्क्यांनी घटवली. त्यासाठी कोणत्या फार्मवर किती औषध दिलं, कोणत्या पशुवैद्यांनी लिहून दिलं, याचा हिशेब ठेवायला सुरुवात झाली. मला हे फार मोलाचं वाटतं.

तरीही डुकरांमधला हा जंतू गेला नाही. का बरं? एक धागा सापडला तो जस्तात! पिल्लांना जुलाब होऊ नयेत म्हणून खाद्यात झिंक ऑक्साइड भरपूर घालायचे. जस्त सोसण्याचं जनुक या जंतूत बहुतेकदा मेक-एच्या शेजारीच असतं. जस्त सोसणारे जगले, की मेक-ए आपोआप टिकलं, अँटिबायोटिकचा थेंबही न देता! दुसरी काळजी अशी, की जस्त शेणातून मातीत साठतं. शेवटी 2022च्या जूनपासून युरोपीय संघात पिल्लांच्या जुलाबांवर औषध म्हणून इतकं झिंक ऑक्साइड घालणं बंद झालं.