कोरडी हवा आणि कोरडे डोळे



व्यासपीठावरचा पंखा मी बंद करावयास लावला, याबद्दल प्रथम अध्यक्षांची क्षमा मागतो. वैशाखातल्या संध्याकाळी सोलापुरात कोणी पंखा बंद करा म्हणू लागला, तर त्याच्या डोक्याविषयी शंका यावी. माझ्या बाबतीत बिघाड डोक्यात नसून डोळ्यांत आहे, आणि आजचे व्याख्यान त्या बिघाडासंबंधीच आहे.

कामगार संघटनेचा माणूस पगारावर बोलेल, बोनसवर बोलेल, डोळ्यांवर तो काय बोलणार, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. मी दहावी नापास. अठराव्या वर्षी सूतगिरणीत लागलो, आणि जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. वैद्यकशास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु गेली आठ वर्षे हा रोग माझ्या घरी बिऱ्हाडास आला आहे, आणि बिऱ्हाडकरूची माहिती काढावीच लागते.

सुरुवात तोंडापासून झाली. कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर मोडून खाणारा मी. एका उन्हाळ्यात पाण्याच्या घोटावाचून तिचा घास गिळेना. पाठोपाठ डोळे. पापणीखाली वाळू गेल्यासारखे टोचे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, गेटसभेत उन्हाकडे तोंड करून उभे राहवत नसे. ऊन लागले, जागरण झाले, नंबर वाढला, असे ज्याने त्याने निदान केले. त्यात दोन वर्षे गेली. मग आई वारली. घर रडत होते. मलाही आतून भडभडून येत होते, पण डोळ्याला थेंब येईना. भावकीत ते बोलले गेले. पुढाऱ्याचे काळीज पत्र्याचेच असायचे, असे कोणी म्हणाल्याचे माझ्या कानावर आले. तेव्हा कुठे मी डोळ्यांच्या डॉक्टरांची पायरी चढलो.

त्यांनी गाळणकागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून मला पाच मिनिटे बसविले. एवढ्या वेळात निरोगी माणसाची पट्टी साधारण पंधरा मिलिमीटर किंवा अधिक भिजते. पाचाच्या आत राहिली तर पाणी फार कमी. माझी एका डोळ्याची तीन भरली, दुसऱ्याची दोन. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टराने १९०३ मध्ये काढलेली ही परीक्षा आजही चालते. पुढे रक्ताची तपासणी झाली, खालच्या ओठाच्या आतून राईएवढा तुकडा काढून पाहिला, आणि रोगाचे नाव कळले.

नाव एका स्वीडिश नेत्रवैद्याचे आहे : हेन्रिक शोग्रेन. आपल्याकडे त्याचा उच्चार जोग्रेन, स्योग्रेन असा ज्याच्या त्याच्या सोयीने होतो. या गृहस्थांनी १९३३ मध्ये स्टॉकहोम येथे प्रबंध सादर केला. त्यात कोरड्या डोळ्यांच्या एकोणीस स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या तेरा जणींना संधिवातही होता. डोळा, तोंड आणि सांधे ही तीन दुखणी वेगळी नसून एकाच घरची आहेत, हे त्यांनी दाखविले. प्रबंधाला परीक्षकांनी मोठा दर्जा दिला नाही, त्यामुळे विद्यापीठातली अध्यापकाची वाट शोग्रेनना बंद झाली. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका नेत्रवैद्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि मग जगाचे लक्ष गेले. परीक्षेत मागे पडलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत वाचून थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

रोगाचे स्वरूप असे. शरीराच्या रक्षणासाठी रक्तात पांढऱ्या पेशींची फौज असते. या रोगात ती फौज घरच्याच माणसांना चोर समजते. गिरणीच्या पहारेकऱ्यांनी आत शिरून साचे मोडावेत, तसा हा प्रकार. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, भुवईच्या हाडाआड अश्रूंची ग्रंथी असते. तिच्याभोवती आणि लाळेच्या ग्रंथींभोवती या पेशी जमतात आणि त्या ग्रंथी हळूहळू कामातून जातात. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया, बहुतेक चाळीस ते साठ वयाच्या. मी तो दहावा. रोग मुळापासून काढणारे औषध आजतरी नाही. तो सांभाळावा लागतो.

सांभाळण्यात हवेचा वाटा मोठा आहे. डोळ्यावर अश्रूंचा एक पापुद्रा सदैव पसरलेला असतो, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा पातळ. त्यात खाली चिकट द्रव्य, मध्ये खारे पाणी आणि वर तेलाचा तवंग असतो. पाणी चटकन उडून जाऊ नये म्हणून तो तवंग, आणि पापणी मिटली की सारे पुन्हा सारखे पसरले जाते. निरोगी डोळ्याचेही पाणी हवेत जातच असते, पण मागून भरती होते. आमची भरती कमी. त्यामुळे हवेने नेहमीचाच वाटा उचलला तरी आमच्याकडे खडखडाट. उरलेले पाणी अधिक खारट होते, आणि ते खारट पाणी डोळ्याची दाहकता आणखी वाढविते.

हवा किती पाणी उचलते, हा आता हिशेबाचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रात 'आर्द्रता इतके टक्के' म्हणून छापून येते. मीही पुष्कळ दिवस त्या टक्क्यांवर विसंबून होतो, आणि फसलो. टक्का हा हवेच्या स्वतःच्या मापाचा असतो. हवा तापली की तिचे माप मोठे होते, गार झाली की लहान. वीस अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, चाळीस अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. डोळ्याला मात्र टक्के कळत नाहीत. डोळ्याचा पृष्ठभाग ३४-३५ अंशांचा, म्हणून त्याला अगदी लागून असलेल्या हवेत घनमीटरला ३८-३९ ग्रॅमच्या दराने वाफ भरलेली असते. बाहेरच्या हवेत त्याहून जितकी कमी, तितकी ओढ अधिक.

आता पाहा. एप्रिलातली सोलापूरची दुपार : चाळीस अंश आणि वीस टक्के. हवेत वाफ सुमारे १० ग्रॅम. त्याच वेळी मुंबईत बत्तीस अंश आणि पासष्ट टक्के असतील, तर २२ ग्रॅम. येथवर आपणां सर्वांस ठाऊक असलेलेच निघाले. पण कंपनीच्या कचेरीतली वातानुकूलित खोली घ्या : चोवीस अंश, पन्नास टक्के. वाटाघाटीस बसलेला माणूस म्हणतो, काय सुखाची हवा आहे ! वाफ मोजा, तर ११ ग्रॅमच्या आत. भर उन्हात डोळ्याचा पृष्ठभाग थोडा अधिक तापतो एवढा फरक सोडला, तर कोरड्या डोळ्याला ती गार खोली आणि रस्त्यावरचा फुफाटा जवळजवळ सारखाच. वाटाघाटीच्या टेबलावर माझे डोळे लाल का होतात आणि मी सारख्या पापण्या का मिटतो, याचे कोडे या आकड्यांनी सुटले. समोरची मंडळी त्याचा अर्थ मी संतापलो आहे असा घेत. दोन-तीन वेळा त्याचा फायदाही झाला, पण ते असो.

शोग्रेनच्या देशातली थंडी तर याहून पुढची. बाहेर शून्य अंश, धुके दाटलेले, म्हणजे हवा शंभर टक्के भरलेली. पण तिच्यात वाफ पाचच ग्रॅम. तीच हवा घरात घेऊन वीस अंशांपर्यंत तापविली की टक्के सुमारे सव्वीसवर येतात, आणि वाफ तितकीच राहते. बर्फाने वेढलेले घर डोळ्याला आपल्या वैशाखाहून कोरडे !

मग ओल्या हवेच्या गावी जाऊन राहिले की झाले, असे आपण म्हणाल. मलाही पुष्कळांनी कोकणात जा म्हणून सांगितले. पोटाचे काय, ते कोणी सांगितले नाही. संघटनेच्या कामासाठी एकदा महिनाभर मुंबईस राहावे लागले. पहिले चार दिवस डोळ्यांत सुख वाटले. पाचव्या दिवसापासून सकाळी पुन्हा वाळू. उतरलो होतो त्या खोलीत खाटेच्या बरोबर वर पंखा होता आणि उकाड्यामुळे तो रात्रभर भरधाव फिरे. झोपेत अश्रू आधीच कमी होतात, कित्येकांची पापणी किंचित उघडी राहते, आणि वरून वारा. डोळ्याला लागून साचलेली ओली हवा वारा क्षणोक्षणी पुसून नेतो आणि तिथे नवी आणतो. मुंबईचे २२ ग्रॅम मग फारसे कामी येत नाहीत. परत आल्यावर डॉक्टरांनी पट्टी लावली. तीन आणि दोन. ओली हवा पाणी राखते, बिघडलेल्या ग्रंथीकडून पाणी काढून देत नाही.

तेव्हापासून वेधशाळेच्या हवेपेक्षा नाकासमोरच्या वीतभर हवेकडे मी अधिक लक्ष देतो. खाट पंख्याखालून भिंतीकडे सरकविली. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावतो. तो हवेत पाणी घालतो, म्हणून आपल्या कोरड्या मुलखात डोळ्याला तो वातानुकूलनाहून मानवतो. मात्र त्याचा झोत तोंडावर घ्यायचा नाही आणि खिडकी उघडी ठेवायची. मोटारसायकलवर बाजू बंद असलेला चष्मा, एस. टी. त खिडकी सोडून बसणे. वाचताना किंवा संगणकाकडे पाहताना माणूस पापणी मिटायचे विसरतो. पडदा डोळ्यांहून खाली ठेवला तर पापणी निम्मी उतरते आणि उघडा भाग कमी होतो. पावसाळ्यात मला सर्वांत बरे वाटते, पण तेव्हाच डोळे येण्याची साथ येते, आणि अश्रूंत जंतूंना मारणारे द्रव्य असते ते आमच्याकडे तोकडे. म्हणून हात धुणे आणि टॉवेल वेगळा. गुलाबपाणी, मध, दुसऱ्याच्या घरचे थेंब यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी डोळे अधिक सुकतात, तेही डॉक्टरांना विचारावे. जबड्याखालची गाठ सुजून तशीच राहिली तर मात्र थांबू नये; या रोगात क्वचित पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो.

आता गिरणीकडे येतो. माझ्या डोळ्यांना सर्वांत मानवलेली हवा कोणती, तर मागखात्यातली. तीस अंश, पंचाहत्तर टक्के. हिशेब करा, जवळजवळ २३ ग्रॅम, म्हणजे मुंबईच. रुईचा कण डोळ्यांत जाई ही गोष्ट वेगळी. तिथे ओलावा राखतात तो कामगारासाठी नव्हे, हवा सुकली की धागा तुटतो म्हणून. भिंतीवर दोन तापमापक असतात, एकाच्या टोकाला ओले फडके. दोघांतला फरक पाहून ओलावा ओळखायचा. तो पाहावयास मी विसाव्या वर्षी शिकलो आणि पंचवीस-तीस वर्षांनी तो माझ्याच डोळ्यांसाठी उपयोगी पडला. जुन्या लढाया तर उलट दिशेच्या आहेत. लँकेशायरचे विणकर कोंदट वाफेविरुद्ध झगडले, तेव्हा १८८९ मध्ये इंग्लंडात कापडगिरण्यांतल्या ओलाव्याला वरची मर्यादा घालणारा कायदा झाला. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही १५ वे कलम कृत्रिम ओलाव्याचे होते. ते योग्यच होते, वाफेत माणूस गुदमरतो. पण हवा फार सुकी झाली तर तक्रार करण्याचा मान सुताचाच राहिला.

एका कारखान्यात टॉवेल तपासण्याच्या खात्यात एक बाई होत्या. खाते नव्याने वातानुकूलित केलेले, आणि झोताची जाळी त्यांच्या टेबलावर. त्यांचे डोळे सारखे गळत. दोष सुटू लागले म्हणून त्यांना ताकीद मिळाली. मी साहेबांना म्हणालो, डोळे कोरडे पडले आहेत. साहेब हसले, ''अहो, पाणी तर वाहतेय, कोरडे कसले ?'' हा समज सर्वत्र आहे, म्हणून सांगतो : पापुद्रा तुटला की डोळा टोचतो, टोचला की मेंदू घाईने पाण्याचा लोंढा सोडतो, पण ते नुसते पाणी, त्यात तेल-चिकटा पुरेसा नाही, ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा सुकतो. त्या बाईंना माझाच रोग निघाला नाही, तेलाच्या ग्रंथींचा बिघाड निघाला. पण हवा दोघांनाही एकाच प्रकारे छळत होती. दोन बैठका झाल्या. शेवटी जाळीला पुठ्ठ्याची पट्टी लावून झोत छताकडे वळविला. खर्च काहीच नाही. त्यांची ताकीद मागे घेतली.

थेंबांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालावे लागले तर त्यांत टिकाऊपणासाठी घातलेले द्रव्यच डोळ्याला बाधते, म्हणून त्या द्रव्यावाचूनच्या, एका वेळेपुरत्या लहान कुप्या घ्याव्या लागतात, आणि त्या महाग आहेत. औषधखर्चाच्या यादीत त्या धराव्यात, अशी मागणी आम्ही त्या कारखान्यात दिली. 'हे औषध नव्हे, कृत्रिम अश्रू आहेत' असे लेखी उत्तर आले. पुढची बैठक जूनमध्ये, त्याच गार खोलीत आहे. मी बाजू बंद असलेला चष्मा लावून जाणार आहे.