सयामचा भात आणि सदलग्याची सांदणे

आमच्या धाकट्या कन्येने नोकरीच्या निमित्ताने बँकॉकला तीन वर्षे काढली. परत येताना तिने घरच्यांसाठी आणले काय, तर किलोभर तांदूळ! "तांदूळ का कोल्हापुरात मिळत नाही?" असे तिच्या आईने विचारलेही. दुसऱ्या दिवशी रात्रभर भिजलेला तो तांदूळ तिने वाफवला, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले नारळाचे घट्ट दूध त्यावर गरम असतानाच ओतले, झाकण ठेवून मुरू दिले आणि शेजारी हापूसच्या फोडी मांडून बशी माझ्यापुढे ठेवली. पहिल्या घासालाच मी गप्प झालो. चव ओळखीची होती.

या पदार्थाला तिकडे 'खाव निआव मामुआंग' म्हणतात. खाव म्हणजे भात, निआव म्हणजे चिकट आणि मामुआंग म्हणजे आंबा. २०२२ साली मिली नावाच्या तरुण थाई गायिकेने कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या जलशात गाता गाता रंगमंचावरच तो खाल्ला आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. गाताना खाणे आमच्या पिढीला रुचणारे नाही. पण ते असो.

मला आठवली ती माझी आजी आणि तिची फणसाची सांदणे.

सदलगा हे चिकोडी तालुक्यातले दूधगंगेकाठचे आमचे गाव. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ साली तिथलाच, म्हणून पुष्कळांना नाव ठाऊक असेल. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्याबरोबर गाव म्हैसूर राज्यात गेले. आमच्या घरात मराठी आणि गल्लीत कानडी हा शिरस्ता मात्र त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. आजी घाटाखालची, फोंड्याच्या अंगाची. देवगडहून फोंडाघाट चढून राधानगरीच्या बाजूने निपाणीला येणारा रस्ता म्हणजे तिच्या लेखी माहेरचा रस्ता. त्या रस्त्याने ती स्वतः क्वचितच गेली. पण दर वैशाखात तिचा भाऊ मालमोटारीतून एक बरका फणस आणि पाच-सहा नारळ निपाणीला धाडी आणि आजोबा बैलगाडी जुंपून ते घेऊन येत.

फणस बरकाच हवा. काप्याचे गरे कुरकुरीत, खायला उत्तम, पण त्यांचा रस निघत नाही. बरक्याचे गरे लिबलिबीत आणि तंतुमय. आजी ते रोवळीवर हाताने घाशी आणि खालच्या पातेल्यात सोनेरी रस उतरे. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, जात्यावर त्याची कणी काढलेली असे. ती तुपावर जराशी परतायची, रसात भिजवायची, मग गूळ, ओले खोबरे आणि मीठ. गूळ मात्र सदलग्याच्याच गुऱ्हाळातला. वाट्यांना तूप लावून त्यांत मिश्रण घालायचे, वाफवायचे आणि उतरल्यावर नारळाच्या दुधाबरोबर खायचे. शेजारच्या अक्का आंब्याची सीकरणे वाटीभर घेऊन येत, त्याच वाटीतून सांदण घेऊन जात आणि 'हलसिन हण्णिन इडली' म्हणून हसत.

तांदूळ, फळ आणि नारळाचे दूध हे तिन्ही तिकडेही आहे नि इकडेही. फरक आहे तो तांदळात. तांदळाच्या पिठूळ अंशात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन अशी दोन द्रव्ये असतात. सयामच्या त्या चिकट तांदळात पहिले जवळजवळ नसतेच, म्हणून वाफेवर त्याचे दाणे एकमेकांना धरून राहतात. आपला तांदूळ मोकळा. त्याला फळाशी बांधायचे, तर दाणा मोडून रसात भिजवावा लागतो. त्यांचा तांदूळ जात्याच चिकट. आमचा जात्यातून काढावा लागतो, एवढेच.

आता जे सांगायचे ते इतकी वर्षे मी कोणाला सांगितले नव्हते. मी चौथीत असताना शाळेचे वनभोजन नदीकाठी गेले. आजीने डब्यात सांदणे दिली होती. डबा उघडताच फणसाचा वास सुटला आणि पोरांनी नाके धरली. मी डबा तसाच बंद केला. घरी येऊन आजीला म्हणालो, "असले कोकणी खाणे मला पुन्हा देऊ नकोस." ती "बरं" म्हणाली, दुसरे काही नाही. पुढच्या वैशाखात फणस आला. तिने गरे गल्लीत वाटले, आठळ्या चुलीच्या राखेत भाजल्या. सांदणे पुन्हा घरात दिसली नाहीत. आजी १९७४ साली गेली. तिच्याशी तो विषय काढायचे धैर्य मला झाले नाही.

मुलीने प्रमाण विचारले तेव्हा मला सांगता येईना. सदलग्याच्या घरात आता धाकटी आत्या तेवढी आहे, वय पंच्याऐंशीच्या पुढे. गेल्या मे महिन्यात मुलीला घेऊन तिच्याकडे गेलो. जाताना कोल्हापूरच्या मंडईत मिळाला तो फणस घेतला. तो निघाला कापा. मिक्सरमध्ये फिरवून गर काढला, तर सांदणे अशी घट्ट झाली की आत्या म्हणाली, "ही बैलाला घाल." बरक्यासाठी राधानगरीच्या रस्त्याला दोन ठिकाणी विचारावे लागले. विक्रेते म्हणाले, बरका आता कोण नेतो? शेवटी एका म्हातारीने परड्यातला काढून दिला.

त्या दिवशीची सांदणे उतरली. एक वाटी कणीला दीड वाटी रस, हे आत्याच्या सांगण्यावरून मुलीने टिपून घेतले. आत्याने पहिला घास घेतला, थोडा वेळ चघळला. "मीठ कमी पडलं," म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, सहज, "वहीनं करायची तशी झालीत. त्या वर्षीही केली होती तिनं."

आत्या आपल्या आईला 'वही' म्हणत असे. मी विचारले, "कुठल्या वर्षी?"

"तू नको म्हणालास त्याच्या पुढच्या. तू निजल्यावर. चुलीपाशी बसून आम्ही दोघींनी खाल्ली."

"किती केली होती?"

"सहा. दोन तुझ्यासाठी झाकून ठेवली होती. सकाळी तू उठायच्या आत अक्कांना देऊन टाकली."

मुलीने दुधात मीठ घातले आणि वाटी माझ्याकडे सरकवली.