मंदावलेला लॅपटॉप : आधी निदान, मग खर्च

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या अनेक सभासदांच्या चिकित्सालयांत व औषधी भांडारांत रुग्णनोंदी, औषधसाठा आणि वस्तू व सेवा कराची बिले आज लॅपटॉपवरच ठेवली जातात. सात-आठ वर्षे सेवा दिलेले हे यंत्र मंदावले की ‘नवा घ्या’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. परंतु हेतू न पाहता केलेली चिकित्सा जशी व्यर्थ जाते, तसाच निदानावाचून केलेला हा खर्चही होय.

निदान सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यातील सीपीयू, मेमरी व डिस्क हे तीन आकडे पाहावेत. जो आकडा सतत शंभर टक्क्यांच्या जवळ राहतो, तेथे दोष आहे असे समजावे.

बहुधा तो डिस्कमध्येच आढळतो. जुन्या हार्ड डिस्कमधील चकती सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेते व माहिती शोधण्यासाठी तिचे शीर्ष सरकावे लागते. त्यामुळे विखुरलेल्या नोंदी सेकंदाला जेमतेम शंभरच वाचल्या जातात. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भागच नसल्याने त्याच वेळात हजारो नोंदी वाचल्या जातात. जुन्या यंत्रासाठी अडीच इंची ‘सॅटा’ प्रकारची एस.एस.डी. घ्यावी. अधिक वेगवान एन.व्ही.एम.ई. प्रकार, त्यासाठीची खाच नसल्यास, बसतच नाही.

मेमरी भरत असल्यास रॅम ४ जी.बी.वरून ८ जी.बी. करावी. मात्र डी.डी.आर. ३ व डी.डी.आर. ४ या पट्ट्या परस्परांच्या जागी बसत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये रॅम मूळ पट्टीवरच जोडलेली असते. शिवाय ३२ बिटांची विंडोज असल्यास ४ जी.बी.पेक्षा अधिक रॅमचा लाभ मिळत नाही. देगलूर, मुखेड वा उदगीरहून शहरात खरेदीस जाणाऱ्यांनी लॅपटॉपचे मॉडेल व रॅमचा प्रकार लिहून न्यावा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.

तिसरे कारण उष्णतेचे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यात चूर्णांची सूक्ष्म धूळ पंख्यात साचते. प्रोसेसर तापला की स्वरक्षणार्थ तो आपली गती स्वतःच कमी करतो. अशा वेळी पंख्याची स्वच्छता व प्रोसेसरवरील वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे एवढ्यानेच गुण येतो. लॅपटॉप खलबत्त्याच्या वा चूर्ण भरण्याच्या जागेजवळ ठेवू नये, हे पथ्य होय.

काही यंत्रे मात्र याप्य समजावीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० व साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. डिस्क वा रॅम बदलून ही अट पूर्ण होत नाही. असे यंत्र गतिमान झाले तरी इंटरनेटपासून अलग ठेवून साठानोंदीपुरतेच वापरावे. फुगलेली बॅटरी दिसल्यास वापर तत्काळ थांबवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. डिस्क बदलण्यापूर्वी रुग्णनोंदी व हिशेब यांच्या दोन प्रती स्वतंत्र ठिकाणी घ्याव्यात व त्या उघडून पाहाव्यात. कराची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास तर एकदा गेला की परत मिळत नाही. एस.एस.डी. बिघडते तेव्हा पूर्वसूचना क्वचितच देते, म्हणून पुढेही दर आठवड्यास प्रत घ्यावी. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नये. तिच्यात रुग्णांनी विश्वासाने सांगितलेली गुपिते असतात, आणि त्यांचे रक्षण हा वैद्याचा धर्म आहे.