कोस मिनार यादीतून का वगळला?

शेरशाह सुरी आणि पुढे मुघल बादशाहांनी मोठ्या रस्त्यांवर दर कोसाला, म्हणजे साधारण तीन किलोमीटरवर, मिनार बांधले. मुसाफिराला अंतर कळावं, हा हेतू. फरीदाबादजवळ मुजेसरचा असाच एक कोस मिनार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत होता. मार्च २०२४ मध्ये तो धरून १८ वास्तू यादीतून वगळण्याची अधिसूचना निघाली. कारण काय? त्या जागेवर सापडतच नाहीत! यात दिल्लीचं बाराखंबा कब्रस्तान आहे, तसे वाराणसीचे बौद्ध अवशेषही आहेत. म्हणजे हे नुकसान कुणा एका समाजाचं नाही.

दर्जा गेल्याने काय होतं? १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नाव वगळलं की हे बंधन संपतं, देखभालीची सरकारी जबाबदारीही.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं होतं की ३,६९३ पैकी ५० वास्तू गायब आहेत. १४ शहरं वाढण्यात गेल्या, १२ धरणाच्या पाण्याखाली, २४चा पत्ताच नाही.

नुसत्या यादीने वास्तू टिकत नाही, हे आपण ओळखायला हवं. आपल्या गावची जुनी मशीद, दर्गा, बारव, कबरीवरचा फारसी कतबा यांचे फोटो काढू या, कतबा वाचून उतरवू या, सातबारा जपून ठेवू या. मुलांनाही सोबत नेऊ या.