राजा मंडालेचा, मुक्काम पोस्ट रत्नागिरी!

बोरी अरबहून कोकणच्या सहलीला निघालात, की गणपतीपुळे, समुद्र आणि आंबे ठरलेलेच. त्यात थिबा पॅलेसही घाला. हा राजवाडा राजासाठी बांधला, त्याला कैदेत ठेवणाऱ्यांनीच!

बादशहा तिकडे, राजा इकडे
१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी मुघल बादशहा बहादूरशहा जफरला ब्रह्मदेशातल्या रंगूनला धाडलं. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला मंडालेच्या गादीवरून उतरवून उलट इकडे आणलं. आधी मद्रास, मग १८८६ पासून रत्नागिरी.

वाट २४ वर्षांची, सुख सहा वर्षांचं
इतकी वर्षं राजाचं बिऱ्हाड बंगल्यांत होतं. नव्या वाड्यात गृहप्रवेश झाला १९१० मध्ये आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला.

दगड कोकणी, लाकूड माहेरचं
भिंतींना कोकणातला जांभा, पण सागवान ब्रह्मदेशाचं! सागाच्या जंगलांशेजारी वाढलेल्या यवतमाळकरांनी इथल्या अर्धगोल खिडक्यांचं कोरीवकाम जरूर निरखावं. वरून खाडी आणि समुद्र दिसतो. राजाला तो दिसायचा, ओलांडता मात्र येत नव्हता.

राजाची रत्नं सराफाच्या पेढीवर
सरकारी तनखा पुरेना, तेव्हा मंडालेहून आणलेली हिरे-माणकं रत्नागिरीच्या सराफांकडे विकायला गेली. थाट राजाचा, चणचण चारचौघांची!

नात अस्सल रत्नागिरीकर
थोरल्या राजकन्येचं मन वाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत याच्यावर जडलं. त्यांची लेक टूटू रत्नागिरीतच संसाराला लागली, मराठी बोलत साधेपणानं जगली आणि २००० साली वारली.

राजा मागेच राहिला
१९१९ मध्ये राणी सुपयालत आणि कुटुंब मायदेशी परतलं. राजाचा देह मात्र रत्नागिरीतच राहिला. २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाचे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्याच्या समाधीवर येऊन गेले.

वाड्याचं नशीब तसं बरंच
सिंगापूरमधला जोहोरच्या मलय राजघराण्याचा इस्ताना वूडन्यूक हा राजवाडा झाडीत ओसाड पडला आणि २००६ च्या आगीत होरपळला. थिबा पॅलेसमध्ये निदान सरकारी संग्रहालय आहे.

तेव्हा वाड्यापुढे नुसता सेल्फी काढून गाडीत बसू नका. आत जा, माडीवर चढा आणि शहरातली राजाची समाधीही पाहून या. तिच्याशिवाय ही सहल अर्धीच!