मागणीनंतरची छपाई

ग्राहकाने ऑनलाइन मागणी नोंदवून पैसे भरल्यानंतरच टी-शर्ट किंवा कप छापून थेट त्याच्या पत्त्यावर धाडण्याच्या पद्धतीला ‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणतात. यात माल साठवावा लागत नसल्याने भांडवल थोडे पुरते, मात्र प्रत्येक नग सुटा छापला जात असल्याने तो महाग पडतो आणि विक्रेत्याच्या हाती नफा बेताचाच राहतो. त्याची खरी पुंजी म्हणजे चित्र, आणि नेमके तेच घाईने उरकले जाते. पडद्यावर ठसठशीत दिसणारे चित्र कापडावर फाटू नये, यासाठी ते छपाईच्या प्रत्यक्ष आकारात, इंचाला 300 ठिपके एवढ्या घनतेने तयार करावे लागते. परवानगीवाचून दुसऱ्याचे चित्र वापरल्यास 1957 च्या कॉपीराइट कायद्याचा भंग होतो. विक्रीपूर्वी एक नमुना मागवून तो चार-पाचदा धुऊन पाहावा.